खाण तशी माती? : इरावतीबाई कर्वे यांचे जीवन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठीत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिलीचे म्हणणे असे की माणूस जन्मतानाच ठरतो. आईबाप जसे तसे मूल. दुसरीचे म्हणणे असे की माणूस संगतीने घडतो. दोन्ही म्हणी आमची आजी एकाच दिवसात वापरते आणि दोन्ही वेळा तिचे ऐकणाऱ्यांना पटते. पण दोन्ही एकदम पूर्ण खऱ्या कशा असतील, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलेला आहे. याच प्रश्नाचा शोध घेण्यात एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य घालवले. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या आपणा सर्वांना माहीत आहेत. पण त्या मुळात शास्त्रज्ञ होत्या, आणि त्यांच्या शास्त्राचा आपल्यासारख्यांच्या आयुष्याशी किती जवळचा संबंध आहे हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडे मुंग्यांविषयी सांगते. विषयांतर वाटेल, पण ते तसे नाही. आमच्या गावी ज्वारीची रास झाली की खळ्याच्या कडेला मुंग्यांची रांग लागते. आजी त्यांच्या बिळाशी चिमूटभर पीठ टाकते. त्या रांगेतली प्रत्येक मुंगी कामकरी असते. अंडी घालणारी राणी आत जमिनीखाली असते. मला वाटे की राणी राणीच्याच पोटी जन्मते आणि कामकरीण कामकरणीच्या पोटी. तसे मुळीच नाही. दोघी एकाच आईच्या मुली. बहुतेक जातींत फलित अंड्यातून राणीही होऊ शकते आणि कामकरीणही. अळी असताना तिला कोणते व किती अन्न मिळाले, तिला कसे वाढवले गेले, यावर पुढचे ठरते. काही थोड्या जातींत मात्र जनुकांचा, म्हणजे आईबापांकडून आलेल्या वारशाचाही, या निवडीत हात असतो.

आपल्या दक्षिण भारतात उड्या मारणारी एक मुंगी आहे. शास्त्रज्ञ तिला हार्पेग्नाथोस साल्टेटर म्हणतात. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1851 साली तिचे वर्णन केले. तिच्या वारुळातील राणी मेली की कामकरी मुंग्या आपल्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात आणि त्यांतल्या काही जणी स्वतःच अंडी घालू लागतात. त्यांच्या शरीरातील जनुके तीच राहतात, पण त्यांतली कोणती चालू आणि कोणती बंद हे बदलते. मेंदू लहान होतो, अंडाशय मोठे होते. जी मुंगी सुमारे सात महिने जगली असती ती चार वर्षांपर्यंत जगू शकते. तिला त्या जागेवरून काढले तर ती पुन्हा कामकरीण होते आणि तिचा मेंदूही पुन्हा वाढतो.

दुसरी एक आग्या मुंगी दक्षिण अमेरिकेतली. तिच्या काही वारुळांत एकच राणी असते, काहींत अनेक असतात. हा फरक एका गुणसूत्रावरील जनुकांच्या गटामुळे पडतो. येथे खाण तशी माती खरे ठरले असे वाटते. पण मौज पुढेच आहे. ज्या कामकरणीत तो विशेष गट नाही, तीसुद्धा तो असलेल्या बहिणींच्या संगतीत राहिली की त्यांच्यासारखीच वागू लागते आणि अनेक राण्या चालवून घेते. म्हणजे शेजारणीच्या अंगातली जनुके हिच्या वागण्यात उतरतात. वाण नाही पण गुण लागला, तो असा! आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राणी, कामकरीण या प्रकारांना इंग्रजीत शास्त्रज्ञ 'कास्ट', म्हणजे जात, असाच शब्द वापरतात. मुंगीची ही 'जात' बहुधा जन्माने ठरत नाही, वाढवण्याने ठरते. माणसाची जात मात्र आपण जन्माने ठरवून टाकली आहे. हा फरक मनात ठेवून इरावतीबाईंच्या चरित्राकडे वळू.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. इरावती ही त्या देशाची मोठी नदी. तिचेच नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे आणि सात वर्षांची मुलगी पुण्यात! तेथे शकुंतला परांजपे ही त्यांची वर्गमैत्रीण झाली. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. त्या घरात इरूला मुलीसारखी जागा मिळाली. घरात ग्रंथ होते, वादविवाद होते, मुलींनी प्रश्न विचारले तर कोणी गप्प बसवत नव्हते.

येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. इरावतीबाई बुद्धिमान होत्याच. पण मिंज्यानमध्येच त्या वाढल्या असत्या तर? बुद्धी तीच राहिली असती, पण ते घर मिळाले नसते. अळीला मिळणाऱ्या अन्नासारखे ते घर होते.

1926 साली त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. पुढे दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि 1928 साली एम. ए. झाल्या. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. पत्नीने जर्मनीत जाऊन डॉक्टरेट करावी असे त्यांना वाटत होते. आश्चर्य असे की ज्या महर्षींनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, 1916 साली महिला विद्यापीठ काढले, त्यांचाही सुनेच्या या प्रवासाला पाठिंबा नव्हता. तरी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. त्या वेळी त्यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या तिचे नाव कैसर विल्हेल्म संस्था. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र असे तीन विषय तिच्या नावातच होते. संस्था 1927 साली उघडलेली, अगदी नवी. तिचे प्रमुख प्रा. ऑयगेन फिशर हे त्या काळी या विषयातले मोठे नाव. वंश हीच माणसाची खरी ओळख, गोऱ्यांचे श्रेष्ठत्व रक्तातच असते, अशा विचारांचे ते गृहस्थ. त्यांनी इरावतीबाईंना प्रबंधासाठी विषय दिला तो माणसाच्या कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू अगदी सारखी नसते. ही असमानता वंशाप्रमाणे वेगळी असते आणि युरोपियनांची कवटी ज्या बाजूला अधिक वाढलेली त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असे फिशर यांचे अनुमान होते. आता ते मोजून सिद्ध करायचे होते.

इरावतीबाई मोजायला बसल्या. त्यांच्यासमोर 149 कवट्या होत्या. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या. एकेक कवटी हातात घ्यायची, दोन्ही बाजू मोजायच्या, आकडे लिहायचे. ज्यांच्या कवट्या होत्या ती माणसे आपला देह असा परदेशात कपाटात पडेल या कल्पनेने मेली नव्हती. परक्या देशात, परक्या भाषेत, पारतंत्र्यातल्या देशाची एक तरुण स्त्री हे काम करीत होती. तिच्या परीक्षकाला कोणते उत्तर हवे आहे हे तिला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? आणि उत्तर आले ते उलटे आले. असमानता सर्वच कवट्यांत होती. वंशाशी तिचा संबंध नव्हता.

त्यांनी ते तसेच लिहिले. गुरूला आवडेल अशी दोन वाक्ये घालून सारवासारव केली नाही. प्रबंध मान्य झाला, डॉक्टरेट मिळाली आणि 1930 साली त्या मायदेशी परतल्या.

पुढे काय झाले हे जगाला माहीत आहे. 1933 साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी आनुवंशिक रोगाचे कारण देऊन सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्यामागून 1942 साली संस्थेची सूत्रे ज्या फेर्शुअर यांच्याकडे गेली त्यांचा शिष्य मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून मृत कैद्यांचे अवयव या संस्थेकडे पाठवीत असे. खाण तशी माती ही आमच्या आजीच्या तोंडची साधी म्हण. पण तीच जेव्हा राज्यकर्त्यांच्या हातात कायदा होऊन येते तेव्हा तिच्यातून काय निघते ते त्या इमारतीने दाखवले. त्याच इमारतीत, थोडीच वर्षे आधी, एका मराठी मुलीने ते खोटे आहे असे आकड्यांनिशी लिहून ठेवले होते.

भारतात आल्यावर इरावतीबाईंनी प्रथम महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. पण त्यांचा जीव कचेरीत रमला नाही. 1939 साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या अध्यापक झाल्या आणि अखेरपर्यंत त्याच संस्थेशी बांधलेल्या राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. नवऱ्याला त्या दिनू अशी हाक मारीत. त्या काळच्या पुण्याला हे केवढे नवल वाटले असेल! जई, आनंद आणि गौरी ही त्यांची तीन मुले. त्यांपैकी जई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे लेखिका म्हणून नावाजल्या. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतील लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधण्यात त्यांचा वाटा होता. 1947 साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

त्यांचे खरे काम मात्र रस्त्यावरचे होते. मोजपट्टी आणि वही घेऊन त्या देशभर हिंडल्या. माणसांची उंची, डोक्याची लांबीरुंदी, नाक मोजत, रक्तगट तपासत, आणि त्याच माणसांच्या ओसरीवर बसून लग्ने कोणात होतात, मामाची मुलगी करतात की नाही, सुनेला माहेरी केव्हा जाऊ देतात, हेही विचारत. त्यातून 1953 साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे चालते, उत्तरेकडे ते पाप मानतात, हा फरक रक्ताचा नाही, रीतीचा आहे. माणसाच्या वागण्याचा केवढा मोठा भाग अशा रीतींनी घडतो ते या ग्रंथातून कळते.

जातीविषयी त्यांचा एक सिद्धांत आपल्या जिल्ह्यातील वाचकाने अवश्य समजून घ्यावा. त्यांचे गुरू घुर्ये यांच्यासह अनेकांचे मत असे की एक मूळ जात होती आणि तिच्या फांद्या फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना हे पटले नाही. त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले. कुंभारांत थोरचाके आणि लहानचाके असे भेद आहेत. चाक वेगळे, घडवण्याची पद्धत वेगळी, लग्नसंबंध वेगळे. मग ते एका झाडाच्या फांद्या कशावरून? वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले, वेगवेगळ्या वंशाचे गट एकच धंदा करू लागले आणि बाहेरच्यांनी त्यांना एकच नाव दिले, असे का नसावे? तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे उदाहरण लगेच समजते.

हे म्हणणे त्यांनी नुसते मांडले नाही, तपासले. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ जातींची शारीरिक तुलना केली. 1968 साली तो निबंध प्रसिद्ध झाला. समाजात एकाच पायरीवर मानलेल्या या आठ गटांत शरीराच्या दृष्टीने चांगलाच फरक आढळला. याचा अर्थ काय? समाज ज्याला एक समजतो ते रक्ताने एक असेलच असे नाही. जातीचा मान आणि शरीरातला वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला यावरून आमच्या घरची वाकळ आठवते. दुरून ती एकच दिसते. जवळ जाऊन पाहावे तर एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक दादांच्या धोतराचा, एक कोणाच्या तरी परकराचा. शिवणीने ती एक झाली आहे, कापडाने नव्हे.

इरावतीबाई पंढरीच्या वारीतही चालल्या. दिंडीतली माणसे एकच अभंग म्हणतात, एकाच वाटेने चालतात, पण जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी मनमोकळेपणाने लिहिले आहे. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' हे त्यांचे ललितलेखांचे संग्रह आहेत. 1967 साली 'युगान्त' आले आणि 1968 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात कर्णावर एक प्रकरण आहे. तो कुंतीच्या पोटी जन्मला आणि सूताच्या घरी वाढला; आयुष्यभर आपण कोण हे त्याला ठरवता आले नाही. कवट्या मोजणाऱ्या बाईंना महाभारतात हाच माणूस का खुणावला असेल ते मला आता कळते. अखेरच्या काळात त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या गावांतील लोकांची पाहणी केली. माणसाला त्याच्या जागेवरून उपटले की त्याचे काय होते, हाही त्याच प्रश्नाचा एक भाग होता. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे निधन झाले.

इरावतीबाईंचे सगळेच आजच्या वाचकाला पटेल असे नाही. ज्या मोजपट्टीने बर्लिनमध्ये वंशाचा अहंकार खोटा पाडला, तीच मोजपट्टी घेऊन त्या जन्मभर इथल्या जातीजमातींची नाके-डोकी मोजत राहिल्या. ज्यांना मोजले त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो विचारला पाहिजे. शिवाय त्यांना जे घर, जी फेलोशिप, जे कर्ज मिळाले ते त्या काळी किती मुलींना मिळणे शक्य होते? आपल्या मराठवाड्यात तर तेव्हा निजामाचे राज्य होते. पण त्या पाहून, तपासून बोलत आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तरी ते लपवीत नसत, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे खासच आहे.

आता शेवटी माझ्या घरचे थोडे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली टोळी निघे. मी लहान आणि आजारी असे, म्हणून मला आजीजवळ गावी ठेवले. माझी थोरली बहीण त्यांच्याबरोबर गेली, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला. सहा महिने शाळा बुडे. पाचवीनंतर तिने शाळा सोडली. आज ती स्वतः नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते. गावात लोक म्हणतात की धाकटीच्या रक्तात हुशारी आहे, थोरली पहिल्यापासूनच मठ्ठ. हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दोघींचे आईबाप एक, रक्त एक. बहीण किती मोळ्या झाल्या आणि किती टन भरले याचा हिशेब तोंडी करते. मला अजून कागद लागतो. मला शाळेचा बाक मिळाला, तिला फडातली कोपी. एका अळीला एक अन्न, दुसरीला दुसरे.

मुंगी मुंगी आहे आणि माणूस माणूस, हे मला कळते. वारशाला काहीच किंमत नाही असेही मी म्हणत नाही. मुंग्यांच्या शास्त्रानेही तसे म्हटलेले नाही. पण ती उड्या मारणारी मुंगी जागा बदलताच वेगळे जीवन जगू लागते, तर माणसाच्या लेकराला आपण कोणत्या तोंडाने सांगायचे की तुझी जागा ठरलेली आहे?

बहिणीची मुलगी यंदा पहिलीत गेली आहे. या दिवाळीनंतर तिला फडावर नेऊ नये, आजीजवळ ठेवावे, असे मी बहिणीला सांगितले आहे. आजी आता थकली आहे, म्हणून मी रोज बसने कॉलेजला ये-जा करून तिला सांभाळायचे ठरवले आहे. बहिणीने अजून होकार दिलेला नाही. पण यंदा उचल घेताना मुलीचे नाव टोळीबरोबर निघणाऱ्यांत धरू नका, असे तिने मुकादमाला सांगितल्याचे परवा कळले. आजीला ही बातमी दिली तेव्हा तिने दोन्हींपैकी एकही म्हण वापरली नाही. ती उठली आणि मुलीसाठी फळीवरची माझी जुनी पाटी काढून पुसू लागली.